बाळासाठी टब कोणता घ्यावा? शहापुरातील एका घरचा आठ महिन्यांचा अनुभव

गेल्या वर्षी जून महिन्यात आमच्या घरी नात जन्मली. सुनेचे माहेर निपाणीचे. पण सगळ्या तपासण्या बेळगावात झाल्यामुळे बाळंतपण येथेच करावे असे ठरले आणि बाळ-बाळंतीण शहापूरच्या आमच्या जुन्या घरीच राहिल्या. नाळ गळून पडेपर्यंत, म्हणजे पहिले नऊ दिवस, डॉक्टरांनी बाळाचे अंग ओल्या मऊ फडक्याने केवळ पुसायला सांगितले होते. त्यानंतर महिनाभर वडगावहून एक कन्नडभाषक आजी न्हाऊ घालायला येत असत. पाटावर बसून, पाय लांब करून, बाळाला नडग्यांवर आधी पालथे आणि मग उताणे घेऊन त्या ज्या सहजतेने न्हाऊ घालत, ते पाहत राहावे असे वाटे. श्रावणाच्या सुमारास त्यांना स्वतःच्या मुलीच्या बाळंतपणासाठी गोकाकला जावे लागले. माझे गुडघे आता पाटावर बसू देत नाहीत आणि पहिलटकरीण सुनेचा त्या पद्धतीने न्हाऊ घालायला हात धजत नव्हता; म्हणून टबाचा विचार पुढे आला.

आठ महिन्यांत आमच्या घरात तीन टब आले. पहिला हवा भरून फुगवायचा, बाळंतविड्यात भेट मिळालेला. दुसरा घडी घालता येणारा, मुलाने ऑनलाइन मागवलेला. आणि तिसरा कडक प्लॅस्टिकचा एकसंध टब, मी स्वतः खडेबाजारात जाऊन पारखून घेतलेला. रोजच्या वापरात टिकला तो तिसराच. त्याची कारणे सविस्तर लिहावीत असे वाटले, कारण विक्रीच्या संकेतस्थळांवर रंग, चित्रे आणि सोबतच्या वस्तू यांचे वर्णन भरपूर असते, पण आपल्या न्हाणीघरात, आपल्या फरशीवर आणि तेल लावलेल्या बाळासाठी तो टब कसा ठरेल, याविषयी तेथे काहीच सापडत नाही.

टब घेण्यापूर्वी एक फरक नीट लक्षात घेतला पाहिजे. पायांवर न्हाऊ घालताना पाणी कुठेही साठत नाही; तांब्यातून पडते आणि मोरीकडे वाहून जाते. टबात मात्र पाणी साठते आणि बाळ त्या साठलेल्या पाण्यात असते. दोन इंच पाण्यातही तान्हे बाळ बुडू शकते, आणि ते आवाज न करता बुडते. पाणी उडवत नाही, रडत नाही. म्हणून टब कितीही चांगला असला, तरी बाळाला धरलेला हात सुटता कामा नये. दाराची कडी वाजली, फोन वाजला, चुलीवर दूध उतू गेले, तर बाळाला पंच्यात गुंडाळून बरोबर घ्यावे आणि मगच उठावे. मोठ्या भावंडाला ‘जरा लक्ष ठेव’ असे सांगून उठू नये. हे सर्वांना ठाऊक असते, तरीही मी ते आरंभीच लिहिते, कारण बाजारातील कित्येक टब आणि आसने ‘आता हात मोकळे ठेवा’ अशा थाटाच्या चित्रांसह विकली जातात. चोषकांनी, म्हणजे दाबून चिकटवायच्या रबरी वाट्यांनी, तळाला चिकटणारी, बाळाला आत बसवायची गोल कडी त्यांपैकीच एक. बाळ बसू लागल्यावर ती उपयोगी पडेल असे दुकानदार सांगतात. पण खडबडीत तळावर चोषक धरत नाहीत आणि बाळ एका बाजूला झुकले की कडीसकट कलंडते. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांची संघटनाही अशी आसने टाळायला सांगते. आम्हाला एका नातेवाइकांनी ती देऊ केली होती. मी ती आदराने परत केली.

आता टबाच्या आतील उताराविषयी. माझ्या मते निवड करताना सर्वांत जास्त वेळ येथे द्यावा. मान न धरणाऱ्या बाळाला सपाट तळावर निजवले तर पाणी कानातोंडाशी येते आणि उभट बसवले तर मान पुढे कोसळून श्वास कोंडण्याची भीती असते. नडग्यांवर निजवलेल्या बाळाला जो तिरकस आधार आपोआप मिळतो, तोच टबात मिळाला पाहिजे: डोके आणि छाती पाण्याच्या वर, पोटापासून खालचा भाग पाण्यात. वडगावच्या आजी गोकाकला जाण्याच्या आदल्या दिवशी फुगवायचा टब आम्ही त्यांना दाखवला. त्यांनी काहीही न विचारता स्वतःच्या हाताला तेल लावले, कोपरापासून मनगटापर्यंतचा हात टबाच्या उतारावर टेकवला आणि जरासा भार दिला. हात सरळ खाली घसरला. “कूसु जार्तैति,” बाळ घसरते, एवढेच त्या म्हणाल्या. टबाची इतकी नेमकी परीक्षा मी कोठे वाचली नव्हती, आणि पुढे दुकानात मी तीच वापरली.

तेलाचा हा मुद्दा आपल्याकडे फार महत्त्वाचा आहे. परदेशी पद्धतीने बनवलेल्या टबांच्या माहितीपत्रकात तेलाने माखलेल्या बाळाचा विचार केलेला दिसत नाही. आपल्याकडे न्हाण्यापूर्वी खोबरेल तेलाने अंग चोळण्याची रीत घरोघर आहे आणि ती मोडावी असे मी म्हणत नाही. परंतु गुळगुळीत प्लॅस्टिक, साबण आणि तेल एकत्र आले की बाळ हातातून निसटायला एक क्षण पुरतो. आम्ही दोन गोष्टी केल्या. चोळणे झाल्यावर तेल अंगात मुरायला थोडा वेळ देऊन उरलेले जुन्या मऊ कापडाने टिपून घेऊ लागलो; आणि टबाच्या तळाला व उतारावर कापडाची घडी अंथरू लागलो. माझ्या सासूबाईंचे एक शहापुरी लुगडे वापरून वापरून सायीसारखे मऊ झाले होते; त्याचे चार तुकडे केले. ओले झाल्यावर ते तळाला चिकटून बसते, बाळाच्या पाठीला टोचत नाही आणि दोरीवर टाकले की लवकर वाळते. विकत घेतलेल्या कोणत्याही घसरणरोधक चटईपेक्षा मला ते अधिक भरवशाचे वाटले.

फुगवायच्या टबाविषयी थोडक्यात सांगते. तो मऊ असतो, म्हणून सुरक्षित असेल असा समज होतो. प्रत्यक्षात त्याच्या काठावर मोठ्या माणसाचा हात टेकला की काठ दबतो आणि बाळाचा आधारच हलतो. आमच्या टबातील हवा दोन दिवसांत कमी होत असे, त्यामुळे उतार रोज वेगळा असे. शिवाय असे टब बहुधा पीव्हीसी या प्लॅस्टिकचे असतात. आमच्या टबाचा उग्र वास तीनदा धुऊनही गेला नाही. आठ दिवसांनी तो बाजूला ठेवला.

घडीच्या टबाकडून माझ्या मुलाला फार आशा होती, कारण आमचे न्हाणीघर लहान आहे. दोन कडक कड्यांच्या मध्ये रबरासारखी मऊ भिंत, खाली चार पाय आणि घडी घातल्यावर भिंतीला टेकून उभा राहील इतका सपाट आकार, अशी त्याची रचना होती. मात्र त्याचा तळ जवळजवळ सपाट होता आणि उतारासाठी वेगळी जाळी व स्पंजाची उशी दिली होती. आमच्या न्हाणीघरात शहाबादी फरशी आहे आणि तिचे सांधे वर-खाली झालेले आहेत; चारपैकी एक पाय सतत अधांतरी राही. एके दिवशी पाणी भरल्यावर मुलाने टब जरासा ओढला, तर एक पाय आत मुडपला आणि सगळे पाणी फरशीवर गेले. बाळ तेव्हा सुनेच्या कडेवर होते. त्या दिवसानंतर तो टब पाय मिटूनच, जमिनीवर ठेवून वापरला, आणि तोही केवळ निपाणीला जाताना. प्रवासासाठी त्याची सोय नाकारता येत नाही. चारचाकीच्या डिकीत तो कपड्यांच्या पिशवीखाली मावतो. पण घड्यांच्या खाचांत ओल राहते आणि तेथे काळपट बुरशी धरते, त्यामुळे प्रत्येक वापरानंतर मऊ ब्रशने त्या खाचा घासाव्या लागतात. घडी उघडता-मिटताना बोट चिमटते, हेही लक्षात ठेवावे. रांगणारे दुसरे मूल घरात असेल तर विशेषच.

स्पंजाच्या उशीविषयी आपल्या भागातील वाचकांना वेगळे सांगायला हवे. बेळगाव, खानापूर, चंदगडच्या पट्ट्यात आषाढ-श्रावणात कपडे वाळत नाहीत. दुपटी शेगडीवर धरून वाळवावी लागतात. त्या दिवसांत पाणी प्यालेला स्पंज तीन दिवसांतही आतून कोरडा होत नाही. वरून कोरडी लागणारी उशी दाबली की पाणी येई, आणि दुसऱ्या आठवड्यात तिच्यावर काळे ठिपके दिसू लागले. ती तत्काळ टाकून दिली. पावसाळ्यात जन्मलेल्या बाळासाठी स्पंज किंवा जाड गादी असलेला टब घेऊच नये, असे माझे स्पष्ट मत आहे. जाळीचा झोपाळा तुलनेने लवकर वाळतो, पण त्याची धातूची चौकट गंजत नाही ना आणि बाळाचा भार पडल्यावर जाळी मध्येच खोल जात नाही ना, हे पाहावे लागते.

तिसरा टब घेताना मी घाई केली नाही. खडेबाजारातील ज्या दुकानात तो घेतला, तेथील मालकांनी माझ्याशी मराठीत आणि शेजारच्या गिऱ्हाइकाशी कन्नडमध्ये बोलत, मागितले तेवढे टब माळ्यावरून खाली काढून दिले आणि जमिनीवर ठेवून पाहू दिले. मी तळ उलटा करून पाहते आहे याचा त्यांना राग आला नाही. बाळाच्या वस्तू शक्यतो अशा ठिकाणी हात लावून घ्याव्यात. मी प्रथम टबाच्या एका काठावर दोन्ही हातांनी भार देऊन तो कलंडतो का, हे पाहिले. मग मलमलचा रुमाल सगळ्या काठांवरून आणि तळाच्या सांध्यांवरून फिरवला. ज्या टबात रुमालाचा धागा अडकला, त्यात बाळाची कातडीही खरचटणार, म्हणून तो बाजूला ठेवला. तळावरील त्रिकोणातील आकडा वाचला. ५ म्हणजे पॉलिप्रॉपिलीन आणि २ म्हणजे जास्त घनतेचे पॉलिइथिलीन. ही दोन्ही प्लॅस्टिके अशा वापराला योग्य आहेत. ३ म्हणजे पीव्हीसी, ते मी टाळले. कमाल वजन लिहिलेले आहे का, तेही पाहिले. टब हे खेळणे नसल्यामुळे खेळण्यांसाठीचा आयएसआय शिक्का त्यावर शोधण्यात अर्थ नाही. मात्र टबासोबत बदक किंवा मासे दिले असतील, तर १ जानेवारी २०२१ पासून भारतात खेळण्यांवर तो शिक्का बंधनकारक आहे. शेवटी आजींची परीक्षा केली. पर्समधून तेलाची लहान बाटली काढल्यावर मालक क्षणभर थांबले, पण कारण सांगितल्यावर त्यांनीच फडके आणून दिले. तीन टबांच्या उतारावरून हात घसरला. चौथ्यात उताराच्या शेवटी, बाळाच्या मांड्यांच्या मधोमध येईल असा गोलसर उंचवटा होता, तेथे तो थांबला. तोच घेतला. किंमत बाराशे रुपयांच्या आत होती. घडीच्या टबाला त्याच्या दुपटीहून अधिक मोजले होते.

हा टब सुमारे ८० सेंटिमीटर लांब आणि ४८ सेंटिमीटर रुंद आहे. एका बाजूला लहान बाळासाठी कमी चढाचा उतार आहे आणि दुसऱ्या बाजूला, बसू लागलेल्या बाळासाठी, पाठ टेकता येईल असा उभट काठ आहे. तळाला रबराचे चार गोल तुकडे आहेत, त्यामुळे ओल्या शहाबादीवरही तो सरकत नाही. मी बुटक्या स्टुलावर बसते आणि टब समोर जमिनीवर ठेवते; बाळ उंचावर असण्यापेक्षा माझी कंबर थोडी वाकलेली बरी. डावा हात मानेखालून पलीकडे नेऊन बाळाचा पलीकडचा दंड काखेशी धरायचा आणि उजव्या हाताने पाणी घालायचे, ही पकड सुनेला दोन दिवसांत जमली. तिचा धीर वाढला, यासाठी तरी मी या टबाची ऋणी आहे.

पाणी ५ ते ८ सेंटिमीटर खोल पुरते. आमच्या टबात त्यासाठी साधारण दहा लिटर पाणी लागते. ज्या घरी नळाला दिवसाआड पाणी येते, त्यांनी हा हिशेब अवश्य करावा. खोल आणि मोठा टब पाहून मोह होतो, पण तान्ह्या बाळाला त्याचा काही उपयोग नाही. दहा लिटर पाणी म्हणजे दहा किलो वजन, तेव्हा भरलेला टब उचलू नये. जेथे न्हाऊ घालायचे तेथेच तो भरावा.

तापमानाच्या बाबतीत मात्र या टबाने निराशा केली. त्याचे बूच पाणी ३७ अंशांच्या वर गेले की निळ्याचे पांढरे होते, असे खोक्यावर छापलेले आहे. मी शाळेत पस्तीस वर्षे विज्ञान शिकवले. प्रयोगशाळेतला अल्कोहोलचा तापमापक माझ्याकडे आहे. एका टोकाला गरम पाणी ओतून न ढवळता पाहिले, तर वरच्या थरात तापमापक ४३ अंश दाखवत होता आणि तळातले बूच अजून निळेच होते. यात नवल नाही. गरम पाणी हलके असल्यामुळे वर राहते आणि बूच तळाला असते. म्हणून त्या रंगावर विसंबू नये. आधी थंड पाणी घ्यावे, मग गरम घालावे, हाताने तळापासून चांगले ढवळावे आणि कोपर बुडवून पाहावे. ३७ ते ३८ अंशांचे पाणी कोपराला ना गरम ना गार असे लागते. बाळ टबात असताना वरून गरम पाणी ओतणे पूर्णपणे टाळावे. बंबातील पाणी किती तापलेले आहे याचा अंदाज नसतो, आणि ६० अंशांचे पाणी मोठ्या माणसाचीही कातडी पाच सेकंदांत भाजू शकते. बाळाची कातडी तर त्याहून पातळ. गीझर असेल तर तो ४९ अंशांच्या पुढे जाणार नाही असा लावून घ्यावा. ‘बाळाला कडक पाणी मानवते’ हे घरातील वडीलधाऱ्यांचे म्हणणे या एका बाबतीत मी मानले नाही.

न्हाण पाच ते दहा मिनिटांत उरकावे. बाळाच्या कातडीचे क्षेत्रफळ वजनाच्या मानाने जास्त असल्यामुळे ते फार लवकर गारठते आणि डिसेंबर-जानेवारीत बेळगावची सकाळ चांगलीच थंड असते. त्या दोन महिन्यांत आम्ही न्हाणाची वेळ अकरानंतर, ऊन अंगणात आल्यावर ठेवली आणि आठवड्यातून तीन-चार दिवसच टब काढला. डॉक्टरांच्या मते तेवढे पुरेसे होते.

टबाचे आणखी दोन दोष सांगितले पाहिजेत. पाणी जाण्याचे छिद्र सर्वांत खोल जागी नाही, त्यामुळे बूच काढल्यावरही वाटीभर पाणी कोपऱ्यात राहते आणि टब उलटा करावाच लागतो. तो उलटा करून, पुसून, भिंतीवरच्या खुंटीला टांगण्याची सवय आम्ही लावून घेतली. भरलेला किंवा अर्धवट रिकामा टब एक मिनिटही जमिनीवर राहू दिला नाही. दुसरा दोष पाचव्या-सहाव्या महिन्यात जाणवला. सुरुवातीला इतका उपयोगी असलेला तो उंचवटा, बाळ पाय झाडून कमान करू लागल्यावर तिच्या मांडीला लागू लागला. तेथे कापडाची दुहेरी घडी घातली आणि सातव्या महिन्यात ती आधाराशिवाय बसू लागताच तिला दुसऱ्या बाजूच्या उभट काठाशी बसवायला सुरुवात केली. तेव्हापासून दोन महिने टबाचा उपयोग सर्वांत सुखाचा झाला. ती पाण्यावर तळहात आपटून हसे आणि सुनेचा पदर भिजे.

काही घरांत विचारतात की, एवढा खर्च करण्यापेक्षा घंगाळ किंवा कपडे भिजवायची मोठी पाटी का चालू नये. घंगाळाचा काठ कडक आणि अरुंद असतो, धातू पाण्याबरोबर तापतो आणि आत उतार नसतो. मान न धरणाऱ्या बाळासाठी ते योग्य नाही. स्वतःहून नीट बसणाऱ्या बाळाला रुंद, न कलंडणारी पाटी चालते. पण ती साबण-सोड्याच्या कामाला वापरलेली नसावी, केवळ बाळासाठी वेगळी ठेवलेली असावी.

गेल्या आठवड्यात नात काठाला धरून टबात उभी राहिली. काठ तिच्या कमरेइतकाही उंच नाही आणि तिचा सगळा भार एका बाजूला येऊ लागला, म्हणून त्याच दिवशी टबाचा वापर थांबवला. आता तिला न्हाणीघराच्या कोरड्या फरशीवर पाट मांडून, तांब्याने न्हाऊ घालतो. खानापूरच्या माझ्या भाचीला येत्या मे महिन्यात दिवस भरतील. टब तिच्याकडे जाणार आहे. बुचाची रबरी चकती सैल झाली आहे, ती बदलून घेते, लुगड्याचे चार तुकडे उकळत्या पाण्यातून काढून ठेवते आणि काठांवरून पुन्हा एकदा मलमलचा रुमाल फिरवून मगच तो पाठवीन.